वीस यार्डांतली शिकार

तिसऱ्या धडकेनंतर शाल्मलीच्या लक्षात आलं, की चेंडूशी कुणाला देणंघेणंच नव्हतं.

चेंडू उजवीकडे होता. ओमाहा संघाचा धावपटू तो काखेत दाबून उजव्या कडेनं पळत सुटला होता. आणि ओमाहाचा सगळ्यात वजनदार गडी, मलाकाई, डावीकडे इंद्रजितच्या अंगावर जाऊन आदळला. खांद्यानं, छातीखाली, नियमात अगदी चोख बसेल असा. इंद्रजित उताणा कोसळला, त्याचं डोकं गवतावर आपटलं आणि स्टेडियमच्या अवाढव्य पडद्यावर त्याच्या नावाखालची पिवळी पट्टी नारिंगी झाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती पट्टी शाल्मलीनं बनवली होती आणि इंद्रजित तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. भावाच्या सामन्याला बहिणीनं वैज्ञानिक अधिकारी म्हणून बसू नये, असा नियम करायचं लीगला सुचलं नव्हतं. उलट तासगावची ही बहीणभावाची जोडी लीगच्या जाहिरातींत झळकत होती. 'ती मेंदू जपते, तो गोलरेषा जपतो.' शाल्मलीला ती जाहिरात सुरुवातीला आवडलीही होती.

अमेरिकन फुटबॉलमध्ये शंभर यार्डांचं मैदान असतं. हल्ला करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. असं सरकत सरकत समोरच्याची गोलरेषा ओलांडायची. त्यातल्या शेवटच्या वीस यार्डांना रेड झोन म्हणतात. तिथे बचाव करणाऱ्यांच्या पाठीमागे जागाच उरत नाही. लांब चेंडू फेकून त्यांना चकवता येत नाही. मग उरते ती अंगाला अंग भिडवून केलेली रेटारेटी. सगळ्यात जास्त डोकी तिथेच फुटायची.

म्हणून काही वर्षांपूर्वी लीगनं नियम केला, की रेड झोनमध्ये छातीच्या वर कुणी कुणाला धडक द्यायची नाही. पळणाऱ्याला पकडायचं तर कमरेखाली. अमेरिकेतल्या खेळाडूंना ते साधेना. लहानपणापासून त्यांनी छातीवर आदळायचाच सराव केलेला. मग संघांची माणसं विमानं पकडून भारतात आली आणि कबड्डीच्या सामन्यांना जाऊन बसू लागली. इंद्रजित खराडे तेव्हा डावा कोपरारक्षक होता. चढाई करणाऱ्याचा घोटा त्याच्या हातात आला की सुटायचा नाही. टोलेडोच्या ग्लासमेन संघानं त्याला उचललं आणि दोन हंगामांत तो रेड झोनमधला सगळ्यात भरवशाचा बचावपटू झाला.

पण खाली वाकून पकड करणाऱ्याचं डोकं पळणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येतं. नियमानं एकाचं डोकं वाचवलं आणि दुसऱ्याचं पुढे केलं. हे दिसायला लागलं तेव्हा लीगला शाल्मलीची आठवण झाली.

शाल्मली तेव्हा मिशिगनला मेंदूच्या इजांवर संशोधन करत होती. कवटीला जोराचा हिसका बसला की आतला मऊ मेंदू क्षणभर मागे राहतो, पिळवटतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. एका मोठ्या धडकेनं माणूस बेशुद्ध पडतो, ते सगळ्यांना दिसतं. पण बेशुद्ध न पाडणाऱ्या लहान लहान धडकांचा ताण साठत जातो आणि तो कुणालाच दिसत नाही, खुद्द खेळाडूलाही नाही. हेल्मेटमध्ये यंत्र बसवून उपयोग नव्हता, कारण हेल्मेट डोक्यावर सरकतं. वरचे दात मात्र कवटीत घट्ट रुतलेले असतात. म्हणून तिनं दातांवर बसवायच्या माउथगार्डमध्येच बारीक संवेदक बसवले. दात हलले म्हणजे कवटी हलली. प्रत्येक धडकेला मेंदू किती ताणला गेला याचा हिशेब लागायचा, आधीच्या ताणात मिळवला जायचा, आणि बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की खेळाडूनं त्या दिवसापुरतं मैदान सोडायचं.

तिची योजना इतकीच होती. आकडा डॉक्टरला कळेल आणि डॉक्टर खेळाडूला बाहेर बोलावेल.

लीगनं आकडा पडद्यावर लावला. आधी डॉक्टरांना, मग प्रक्षेपणाला, मग सट्टा घेणाऱ्या कंपन्यांना. प्रत्येक नावाखाली एक पट्टी, हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. समोरच्या संघाचा सगळ्यात चांगला बचावपटू अजून किती धडका खाल्ल्यावर बाहेर जाईल, हे आता प्रशिक्षकाला बसल्या जागी दिसत होतं. रेड झोनपर्यंत पोहोचायचं, पहिले तीन प्रयत्न त्या माणसाची पट्टी भरण्यात घालवायचे आणि तो बाहेर गेला की चौथ्या प्रयत्नात त्याच्याच रिकाम्या जागेतून आत शिरायचं. या डावपेचाला समालोचकांनी नावही दिलं होतं. ते त्याला 'शिकार' म्हणत. हसत हसत म्हणत.

त्या दिवशी इंद्रजित चौथ्या धडकेनंतरही बाहेर गेला नाही. पट्टी नारिंगीवर थांबली ती थांबलीच. त्यानं धावपटूचा घोटा धरला आणि टोलेडो जिंकलं.

*

"नियमात कुठे बसत नाही, तेवढं मला दाखवा," व्हिटलो म्हणाला.

गॅरेट व्हिटलो लीगच्या नियम समितीचा प्रमुख होता. सामना संपताच शाल्मली वरच्या मजल्यावर त्याच्या खोलीत गेली होती. गोड बोलायचा, समोरच्याचं नाव बरोबर उच्चारायचा आणि कुठल्याही प्रश्नानं त्याचा चेहरा बदलायचा नाही.

"चेंडू एकीकडे आणि धडक दुसरीकडे," शाल्मली म्हणाली. "तीन वेळा. त्याच माणसावर. हे तुम्हाला दिसत नाही?"

"बचावपटूला अडवणं हा खेळाचा भाग आहे, डॉक्टर खराडे. आणि धडक छातीखाली होती. तुम्हालाच तर ते हवं होतं."

"मला मेंदू वाचवायचे होते. तुम्ही कुणाचा मेंदू कितपत भरलाय ते जगाला दाखवताय. आकडा पडद्यावरून काढा. डॉक्टरांकडे राहू द्या."

"पूर्वी प्रेक्षकांना इजा दिसायचीच नाही. आता दिसते. लोक काळजीनं बघतात."

"लोक टाळ्या वाजवतात! पट्टी लाल झाली की टाळ्या वाजवतात!"

व्हिटलोनं मान हलवली, जणू तिचं दुःख त्याला मनापासून कळत होतं. "आम्ही विचार केलाय. पुढच्या हंगामापासून मुद्दाम शिकार केल्याचं सिद्ध झालं तर पाच यार्डांची शिक्षा."

"पाच यार्ड," शाल्मली म्हणाली. "माणसाच्या मेंदूचे पाच यार्ड."

त्यावर त्यानं घड्याळाकडे बघितलं.

ती गाडीपाशी पोहोचते न पोहोचते तोच तासगावहून आईचा फोन आला. सामना तिनं पाहिला होता. शेजारपाजारचेही जमले होते.

"शालू, त्याच्या नावाखाली ती पट्टी असती बघ, रंगाची. ती भरली की काय हुतं गं? इथं पोरं वरडत हुती, भरली, भरली म्हणून."

"काही नाही आई," शाल्मली म्हणाली. "तो दमला की भरते."

फोन ठेवल्यावर तिला आपल्याच आवाजाची लाज वाटली. हा असला गुळगुळीत आवाज तिनं आत्ताच वरच्या मजल्यावर ऐकला होता.

*

पट्टी नारिंगीवर का थांबली, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

माउथगार्ड हातातून पडलं, खेळाडूनं चावलं, तरी त्याला हादरे बसतात. असले खोटे हादरे ओळखून गाळायची सोय तिनं स्वतः केली होती. दातांवर घट्ट बसलेल्या माउथगार्डचा हादरा एकसंध येतो. सैल माउथगार्ड खुळखुळतं. इंद्रजितच्या शेवटच्या धडकेचा हादरा खुळखुळता होता. यंत्रानं ती खोटी समजून टाकून दिली होती.

ती सरळ त्याच्या घरी गेली. दुपार होती. त्यानं पडदे ओढून घेतले होते.

"उजेडानं डोकं दुखतं का?" तिनं विचारलं.

"जरा झोप न्हाई झाली. चहा घेतीस?"

"माउथगार्ड दाखव."

तो आत जाऊन डबी घेऊन आला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवली. माउथगार्डचा आतला थर कानशीनं घासून सैल केलेला होता.

"इंद्या, अरे काय केलंस तू हे?"

"सगळे करत्यात."

"सगळ्यांचं मला सांगू नको."

"मग कुणाचं सांगू?" त्याचा आवाज चढला. "ताई, माझी पट्टी लवकर भरती. का, तर मी खाली वाकतो. खाली वाकतो म्हणूनच मला आणलं हितं. भरली की बाहेर. चार सामन्यांत बाहेर बसलो की घरी. पट्टी तू केलीस. आता ती भरायची न्हाई तर काय करायचं, तेबी तूच सांग!"

"ती तुझ्यासाठी केली मी."

"माझ्यासाठी?" तो हसला. "ताई, पूर्वी समोरचा मला चुकवून पळायचा. मला भ्यायचा. आता तो माझ्यावर येतो. माझ्या डोक्यात किती जागा उरलीय ते त्याला म्हाईत असतं. मैदानातल्या प्रत्येकाला म्हाईत असतं. तुला कळतं का, कसं वाटतं ते?"

तिला कळत होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता, कारण त्याच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण बंद पडद्यांच्या त्या खोलीत तो डोळे किलकिले करून तिच्याकडे बघत होता, हेही खोटं नव्हतं.

"मला हे कळवावं लागेल," ती म्हणाली.

"कळव."

"इंद्या..."

"कळव म्हणलं ना. जा."

तिनं कळवलं. संघाच्या डॉक्टरांनी इंद्रजितला घट्ट बसणारं नवं माउथगार्ड दिलं आणि दोन सामने विश्रांती. ग्लासमेनच्या प्रशिक्षकानं पत्रकारांना सांगितलं, की खराडेला यापुढे फक्त रेड झोनमध्ये उतरवू. त्याची पट्टी उरलेल्या मैदानावर वाया घालवणार नाही. हे त्यानं कौतुकानं सांगितलं. एकाही पत्रकारानं त्याला विचारलं नाही, की वाया घालवायचं नाही ते नेमकं काय.

इंद्रजितनं बहिणीचे फोन घेणं बंद केलं.

*

हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात ओमाहा पुन्हा टोलेडोला आलं. हरेल तो संघ स्पर्धेबाहेर. शाल्मली नेहमीप्रमाणे स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर, काचेमागच्या खोलीत यंत्रांसमोर बसली होती.

शेवटच्या काही मिनिटांत ओमाहा रेड झोनमध्ये शिरलं आणि इंद्रजितला मैदानात धाडलं गेलं. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती संपली होती, माउथगार्ड घट्ट होतं. हिरवी पट्टी घेऊन तो आत आला. पहिला प्रयत्न. चेंडू मध्ये, मलाकाई इंद्रजितवर. पिवळी. दुसरा प्रयत्न. चेंडू उजवीकडे, मलाकाई इंद्रजितवर. नारिंगी. ओमाहा गोलरेषेपासून दोन यार्डांवर येऊन थांबलं. घरचे प्रेक्षकही आता उभे होते. त्यांना इंद्रजित मैदानात हवा होता; त्याची पट्टी भरू नये म्हणून ते ओरडत होते. ओमाहाचे प्रेक्षक ती भरावी म्हणून ओरडत होते. ओरडण्याचा शब्द दोन्हीकडे एकच होता, 'लाल'. कुणी भीतीनं म्हणत होतं, कुणी आशेनं. वरच्या खोलीत पोहोचेपर्यंत त्यातला फरक पुसला गेला होता.

तिसऱ्या प्रयत्नासाठी दोन्ही संघ रांगेत वाकले. इंद्रजित वाकला नाही.

तो सरळ उभा राहिला, तोंडातलं माउथगार्ड काढलं आणि पायाशी गवतावर ठेवलं.

पडद्यावरची पट्टी करडी झाली. पंचांनी शिट्टी फुंकली. माउथगार्डविना रांगेत उभं राहणं हा गुन्हा होता. पंच त्याला काहीतरी सांगू लागले. इंद्रजितनं मान हलवली आणि तो जागेवरच उभा राहिला. त्याचा प्रशिक्षक कडेवरून हातवारे करत होता.

समोर मलाकाई वाकलेला होता. तो बराच वेळ इंद्रजितच्या पायाशी पडलेल्या वस्तूकडे बघत राहिला. मग तोही उठला. त्यानंही आपलं माउथगार्ड काढलं आणि इंद्रजितच्या माउथगार्डशेजारी ठेवलं.

बचाव करणाऱ्यानं गुन्हा केला तर गोलरेषेचं अंतर निम्मं होतं. पण दोन्ही बाजूंनी गुन्हा झाला तर दोन्ही शिक्षा रद्द होतात आणि तोच प्रयत्न पुन्हा खेळायचा असतो. पंचांनी तसं जाहीर केलं. दोघं तसेच उभे राहिले. पुन्हा शिट्टी, पुन्हा तीच घोषणा. प्रेक्षक आधी हसले, मग चिडले. पंचांनी शेवटी दोघांनाही मैदानाबाहेर काढलं. ते शेजारी शेजारी चालत गेले. त्यांच्या जागी दोन नवे खेळाडू आले, रांगेत उभे राहिले आणि त्या दोघांनीही आपापली माउथगार्डं काढून खाली ठेवली.

शाल्मलीसमोरचा फोन वाजला.

"खेळ सुरू करा," व्हिटलो म्हणाला. त्याचा आवाज आज गुळगुळीत नव्हता. "यंत्रांत बिघाड आहे म्हणा. पट्ट्यांशिवाय खेळू द्या त्यांना."

"यंत्रांत बिघाड नाही."

"डॉक्टर खराडे, सगळा देश बघतोय!"

"बघू द्या. नियम तुमचाच आहे. खेळ थांबला तर प्रत्येक माउथगार्ड तपासून पुन्हा सुरू करायचा होकार मी द्यायचा. मी देईन. पडद्यावरच्या पट्ट्या बंद करा. प्रक्षेपणाला जाणारे आकडे बंद करा, सट्टेवाल्यांचे आणि प्रशिक्षकांचेही. फक्त दोन्ही संघांच्या डॉक्टरांना दिसतील. मग मैदानातल्या पोरांना सांगा, ते घालतील."

"हे तुमच्या अधिकारात बसत नाही."

"मग नियमात कुठे बसत नाही, तेवढं मला दाखवा."

पलीकडे कुणीतरी कुणावर तरी ओरडत असल्याचा आवाज येत होता. शाल्मलीचा वर्षभराचा राग बोटांपर्यंत आला होता. ज्यांनी तिचं काम घेऊन त्याचा तमाशा केला, त्यांनीच आता तिला घाईघाईत एक खोटं बोलायला सांगितलं होतं. आणि हे खोटं बोललं की पुढच्या आठवड्यात पट्ट्या परत लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पडदा काळा झाला. मग त्यावर फक्त गुणसंख्या उमटली. नावं होती. नावांखाली काही नव्हतं.

तिनं समोरच्या यंत्रावर होकार दिला आणि खोलीचं दार उघडून ती जिन्यानं खाली धावली.

*

ते दोघं खेळाडूंच्या बोगद्यातल्या बाकावर बसले होते. मलाकाईनं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. शाल्मलीला बघून तो उठून उभा राहिला आणि एवढा धिप्पाड माणूस काय करावं ते न सुचून तिच्यासमोर नुसता उभा राहिला.

"कोच मला सांगायचे," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी कानात सांगायचे. अजून एक, अजून एक. मी द्यायचो."

"बस," शाल्मली म्हणाली. "चक्कर येतेय का?"

"थोडी."

तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि डॉक्टरांना बोलावून घेतलं. मग ती भावाशेजारी बसली.

"तू बंद केलीस?" इंद्रजितनं विचारलं.

"आजच्यापुरती."

"परत लावतील."

"लावतील. माझ्या होकाराशिवाय लावावी लागेल."

"दुसऱ्या कुणाचा तरी घेतील, ताई."

"घेऊ देत. त्याच्याशी भांडेन."

तो हसला नाही, पण सरकून तिला जागा करून दिली. वर मोठा गलका झाला. कुणीतरी गोलरेषा ओलांडली होती, किंवा कुणीतरी ओलांडू दिली नव्हती. तिघांपैकी कुणी विचारलं नाही.

*

लीगनं चारही खेळाडूंना निलंबित केलं आणि शाल्मलीला कामावरून काढलं. पुढच्या हंगामाआधी मोठ्या पत्रकार परिषदेत जाहीर झालं, की खेळाडूंच्या खासगीपणाचा मान राखून पट्ट्या प्रेक्षकांना दिसणार नाहीत. फक्त प्रशिक्षकांना दिसतील.

ते ऐकून शाल्मली आपल्या स्वयंपाकघरात मोठ्यानं ओरडली. प्रेक्षकांनी कधी कुणाची शिकार केली नव्हती! तिनं त्याच दिवशी खेळाडूंच्या संघटनेला फोन लावला. पुढचे कित्येक महिने ती, मलाकाई आणि त्याच्यासारखे जाडजूड मानेचे, हळू बोलणारे लोक एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात जात राहिले. आकडा डॉक्टराचा आणि ज्याचं डोकं त्याचा. तिसऱ्या कुणाचा नाही. एवढं एकच वाक्य करारात घालायचं होतं. लीगनं वकील लावले. वकिलांनी सांगितलं, की हा आकडा लीगची मालमत्ता आहे. आपल्या भावाच्या मेंदूतला ताण दुसऱ्या कुणाची मालमत्ता असू शकतो, हे तिनं समोर बसून शांतपणे ऐकून घेतलं आणि मग शांत राहिली नाही. खेळाडूंनी सांगितलं, वाक्य नसेल तर माउथगार्ड नाही, आणि माउथगार्ड नसेल तर हंगाम नाही. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी लीगनं सही केली.

इंद्रजित तोवर तासगावला परतला होता. डॉक्टरांनी त्याला पुन्हा मैदानात उतरायला मनाई केली होती. उजेडाचा त्रास कमी झाला होता, बोलताना मधेच एखादा शब्द हरवायचा तो मात्र अजून हरवत होता. त्यानं कबड्डीचा संघ शिकवायला घेतला होता. करार झाल्याची बातमी सांगायला शाल्मलीनं फोन केला, तेव्हा त्यानं ती दोनदा सांगायला लावली.

"बरं झालं," तो म्हणाला. मग जरा थांबला. "ताई, हितं कोपऱ्यातल्या पोरांना लई लागतं गं. पकड करताना गुडघा बसतो कपाळावर. तुझी ती... ती दातातली... पाठवशील का?"

"माउथगार्ड. पाठवते की. आकडा तुझ्या फोनवर दिसेल असं करून देते."

"न्हाई, न्हाई. माझ्या फोनवर नको." त्याचा आवाज एकदम घाबरल्यासारखा झाला. "हितल्या डॉक्टर पाटणकर बाईंच्या फोनवर दे. त्या मला सांगतील, याला बसव, त्याला बसव. तेवढंच सांगतील."

"तू त्यांना शिकवतोस, इंद्या. तुला कळायला नको?"

"पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे," इंद्रजित म्हणाला. "मीबी आता कोचच आहे ना, ताई."